वंशवृक्ष भरायला घेताय? मग या चुका टाळा

आमच्या घराण्याचा वंशवृक्ष क्रॉसस्टिचमध्ये, म्हणजे फुलीच्या टाक्यात, कापडावर भरायला मला दोन वर्षं लागली आणि त्यातले चार-पाच महिने नुसते उसवण्यात गेले. सुईचं काम अवघड नव्हतं हो, अडलं सगळं नावांपाशी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नावं पक्की व्हायच्या आधी दोरा ओवणं. मला आत्यानं फोनवर सांगितलेली नावं मी वहीत उतरवली आणि भरायला बसले, मग दिवाळीत काकांनी जुनी डायरी काढली तर पणजोबांना एक धाकटा भाऊ होता, तो दत्तक गेलेला, म्हणजे अख्खी एक फांदी सरकवायला लागली. त्यामुळे आधी कागदावर पूर्ण झाड काढा, त्याच्या झेरॉक्स काढून घरातल्या निदान तीन म्हाताऱ्या माणसांना द्या आणि लाल पेनानं दुरुस्त करून आणा. कुलवृत्तांत छापलेला असेल तर बघाच, त्र्यंबकेश्वर-नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्येही पिढ्या सापडतात. पण जुन्या वंशावळीत मुलींची नावं बरेचदा नसतातच, आणि सुनांची असली तरी फक्त सासरची. माझं म्हणणं स्पष्ट आहे, लेकी घ्याच आणि सुनांचं माहेरचं नावही घ्या, जागा जास्त लागली तरी चालेल. आजीचं माहेरचं नाव आमच्यात फक्त एका माणसाला आठवत होतं.

डायरीत शके असेल तर सन काढताना ७८ मिळवायचे, पण माघ-फाल्गुनातली तारीख असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं; पौषातली असेल तर १ जानेवारीच्या आधीची की नंतरची ते बघून ठरवा. शके १८५७ चा माघ म्हणजे १९३६. मी सरसकट ७८ धरले होते आणि तीन जन्मसालं चुकली.

आता मापाचं. नेटवर मिळणारे तयार नमुने इंग्रजी अक्षरांचे असतात, ते बघून आपल्या नावांची जागा धरू नका. देवनागरीला शिरोरेघेखाली ७-८ घरं (कापडाच्या विणीतले चौकोन) लागतात, वर वेलांटी-मात्रा-रफाराला ३ आणि खाली उकाराला ३, म्हणजे एका ओळीला साधारण १४ घरं. १४ काउंटच्या, म्हणजे इंचाला १४ घरं असलेल्या, आयडा या क्रॉसस्टिचच्या कापडावर ती ओळ बरोबर एक इंच उंच होते. रुंदीला ‘सरस्वती’सारखं नाव ३० घरं खातं, शिवाय दोन नावांमध्ये ६ घरं मोकळी. आमच्या पिढीत १९ भावंडं, म्हणजे ६८४ घरं, जवळजवळ ४९ इंच! एवढी फ्रेम कुठल्या भिंतीवर लावणार? मग मी नावं एक वर एक खाली अशी दोन ओळींत विटांसारखी रचली आणि रुंदी २५ इंचांवर आली. त्यात चारी बाजूंनी ३-३ इंच धरा, ते कापड फ्रेमवाल्याला ताणायला लागतं. जोडाक्षरं आधी ग्राफ पेपरवर काढून लांबून वाचून बघा. ‘स्व’ आणि ‘ख’ यांची गल्लत हमखास होते.

कापड तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत घेताना मॅटी (भरतकामाचं जाड विणीचं सुती कापड) स्वस्त पडते म्हणून घेतली तर एक इंचात किती घरं आहेत ते उभं आणि आडवं दोन्हीकडे टाचणीनं मोजा, कारण दोन्हीकडे सारखी नसली तर गोल झाड लांबट दिसतं. आणि भरण्याआधी धुवून घ्या, मॅटी आटते. कडा टेलरकडून ओव्हरलॉक करून आणायच्या.

दोरे एकदम घ्या हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. तोच नंबर असला तरी रंगवण्याच्या वेगळ्या खेपेत छटा बदलते, आमच्या खोडाचा डावा भाग नीट पाहिलं तर वेगळा दिसतो. एका लडीत ६ पदर आणि ८ मीटर दोरा असतो, १४ काउंटवर झाडाला २ पदर आणि नावांच्या बॅकस्टिचला (सलग रेघेसारखा दिसणारा टाका) एकच पदर वापरा, दोन पदर घेतले की मात्रा जाड होऊन नाव वाचता येत नाही. एका नावावरून दुसऱ्यावर मागून काळा दोरा ओढत नेऊ नका, पांढऱ्या कापडातून तो दिसतो, प्रत्येक नावाला दोरा तोडायचा. फुलीतला वरचा तिरका टाका सगळीकडे एकाच दिशेनं घाला.

चौकडी आखायला पाण्यानं जाणारा पेन घेतला असेल तर आधी गार पाण्यात पूर्ण धुवायचं आणि मगच इस्त्री, गरम लागलं की ती निळी रेघ पक्की बसते. लाल दोऱ्याचा रंग सुटला तर कापड वाळू देऊ नका, पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्यात खळबळत राहा, बहुतेक वेळा निघतो. रात्री काम ठेवताना भरतकामाची रिंग काढून ठेवा.

गेलेल्या माणसांची नावं वेगळ्या रंगात भरायची का, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. माझा सल्ला, भरू नका. भरलंत तर पुढे प्रत्येक वेळी फ्रेम उघडून कुणाचं तरी नाव उसवायला लागेल, आणि ते काम कुणाच्याच हातून होणार नाही. घटस्फोट किंवा दत्तक मूल असेल तिथे त्या माणसाला विचारून मगच ठरवा.

शेवटच्या पिढीच्या खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडाच. मी सोडली नव्हती, मागच्या वर्षी पुतणीला मुलगी झाली आणि तिचं नाव फांदीच्या बाजूला कसंबसं बसवलं.

फ्रेम करताना काच कापडाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, पुण्यात पावसाळ्यात ओल धरली की काचेला चिकटलेल्या कापडावर बुरशीचे ठिपके येतात. कापड गमनं चिकटवू न देता मागून दोऱ्यानं ताणून बांधून घ्या, म्हणजे परत उघडता येईल. आणि फ्रेमच्या पाठीला एक पाकीट लावा, त्यात ग्राफची झेरॉक्स, दोऱ्यांचे नंबर आणि नावांच्या रंगाची एक उरलेली लडी ठेवा, पुढचं नाव ज्या कुणाला भरायचं असेल तिला ते लागेल.