मुलांना इंधन वाचवायला शिकवायचंय? आधी मीटर दाखवा

"लाईट बंद कर" म्हणून दिवसभर ओरडून मुलं काही शिकत नाहीत, फार तर आपण समोर असताना बंद करतात. बटण दाबल्यावर कुठेतरी काहीतरी जळतंय हे त्यांना कळायला हवं. वीज अजूनही बऱ्याच ठिकाणी कोळसा नाहीतर गॅस जाळूनच बनते, आणि कोळशातली साधारण एक तृतीयांश उष्णताच वीज बनते, बाकीची वायाच जाते. एवढं आधी सांगा.

मग मुलाला घेऊन मीटरपाशी जा (उघड्या वायरी असतील तर लांबूनच बघा). डिजिटल मीटरवर एक बारीक लाल लाईट लुकलुकत असते. घरातलं सगळं बंद करून ती बघायला लावा, मग कोणाला तरी गीझर चालू करायला सांगा. लाईट लगेच भराभर लुकलुकायला लागते आणि मुलांचे डोळे मोठे होतात, खरंच! आता गणित त्यालाच करू द्या: १००० वॉट तासभर चालले की १ युनिट, म्हणजे २००० वॉटचा गीझर सलग अर्धा तास तापला की १ युनिट, आणि तेवढ्याच विजेवर ९ वॉटचा एलईडी बल्ब १०० तासांच्या वर चालतो. बल्बमागे धावायचं की अंघोळीचं गरम पाणी कमी करायचं, हे मग ते स्वतःच सांगतं.

पेट्रोलचंही तसंच. १ लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पण जळल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. "वाढला कसा?" असं मूल विचारणारच, तर हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो म्हणून. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त खातं, त्यामुळे जवळच्या फेऱ्याच किलोमीटरमागे जास्त महाग पडतात. चालत जाण्यासारख्या ठिकाणांची यादी मुलालाच करू द्या आणि मग तुम्हीही तिथे गाडी काढू नका, गाडी थांबवून फोनवर बोलताना इंजिन चालू ठेवू नका, कारण मुलं ऐकतात कमी आणि बघतात जास्त.

स्वयंपाकघरात झाकण ठेवायचं आणि उकळी आली की गॅस बारीक करायचा, पाणी त्याच्यापुढे आणखी गरम होत नाही.

एक मात्र करू नका, "पृथ्वी संपणार" वगैरे सांगून घाबरवू नका. घाबरलेलं मूल विषयच टाळतं. त्यापेक्षा दर रविवारी मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं काम त्याला द्या, आणि युनिट वाढले तर रागवायच्या आधी विचारा, या आठवड्यात काय जास्त चाललं असेल?