पोलीस महापौरांच्या हाताखाली नाहीत, मग चार शहरांच्या महापौरांनी मिळून गुन्हे कमी कसे करायचे?

ठाणे पोलीस आयुक्तालय एकच, पण त्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर आणि भिवंडी अशा चार महापालिका येतात, म्हणजे महापौरही चार. मोबाईल हिसकावून बाईकवर पळणारा दहा मिनिटांत दुसऱ्या पालिकेच्या हद्दीत जातो, म्हणून या चौघांनी एकत्र बसायलाच हवं, पक्ष कुठलाही असो.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे, पालिकेचा कारभार आयुक्तांकडे, महापौरांकडे अडीच वर्षांची मुदत आणि सर्वसाधारण सभा. पण रस्त्यावरची दिवाबत्ती १९४९ च्या महापालिका कायद्यात पालिकेचं बंधनकारक काम आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा. अमेरिकेत २००६ मध्ये न्यूयॉर्कचे ब्लूमबर्ग आणि बॉस्टनचे मेनिनो यांनी १५ महापौर जमवून बेकायदा बंदुकांविरुद्ध गट काढला, देशाचे कायदे त्यांच्या हातात नव्हते तरी.

पहिलं काम, पोलिसांकडून ठिकाण आणि वेळ एवढीच माहिती मागा, चेन स्नॅचिंग, छेडछाड, मारामारी, कुठे आणि किती वाजता. नावं नकोत. चारही शहरांची माहिती एकाच नकाशावर टाका, हद्दीजवळचे स्पॉट लगेच दिसतील.

मग रात्री नऊनंतर स्टेशनपासून घरापर्यंत चालत जा, आणि सोबत रोज त्याच वाटेने येणाऱ्या बायका हव्यातच, कारण कुठला कोपरा टाळायचा हे त्यांना पाठ असतं, इंजिनिअरला नसतं. बंद दिव्याचा पोल नंबर लिहून घ्या. स्टेशनबाहेर खरा घोळ असतो, आत लोहमार्ग पोलीस, बाहेर शहर पोलीस, स्कायवॉक एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) बांधलेला, खालचा रस्ता पालिकेचा, मग बल्ब कोणी बदलायचा यावरच महिने जातात. प्रत्येक स्पॉटपुढे एकाच अधिकाऱ्याचं नाव लिहून घ्या, दोन नकोत.

यानंतर चारही सभांमध्ये एकाच मजकुराचा ठराव आणा आणि बजेटच्या आधी आणा, नाहीतर वर्ष गेलं. दिवे, रात्री उघडी राहणारी महिलांची टॉयलेट्स, पडक्या इमारतींना कुंपण. मुंबईत २०१३ ला शक्ती मिलच्या ओसाड आवारात जो सामूहिक बलात्कार झाला त्यानंतर तरी रिकाम्या जागा कोणी हलक्यात घेऊ नयेत. सीसीटीव्ही लावा, पण देखभालीचे पैसे आणि फुटेज कोण बघणार हे ठरल्यावरच, माझ्या मते आधी उजेड.

दर महिन्याला मीटिंग, आळीपाळीने एकेका शहरात, डीसीपी (पोलीस उपायुक्त) आणि विद्युत विभागाचे इंजिनिअर समोर हवेत, मागच्या यादीतलं काय राहिलं तिथूनच सुरुवात.

आणि सुरुवातीला छेडछाडीच्या तक्रारी वाढल्या तर घाबरून काम थांबवू नका प्लीज, बायका पोलीस स्टेशनला जायला लागल्या की आकडा वाढू शकतो. तेव्हा तक्रारींच्या आकड्यासोबत रात्री त्या रस्त्याने किती बायका चालतात तेही दर महिन्याला मोजा.