कर्करोग संशोधनाला देणगी देताना

कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नमुने सांभाळते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा माझ्याकडे येतो. तो लगेच गोठवायचा, करंगळीएवढ्या ट्यूबमध्ये घालून वर क्रमांक चिकटवायचा आणि उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा. ट्यूबवर रुग्णाचं नाव नसतं.

एकदा मध्यरात्री यातला एक फ्रीझर बंद पडला. आम्ही तिघं धावत आलो आणि बर्फाने पांढरे झालेले डबे एकेक करून शेजारच्या फ्रीझरमध्ये हलवले. हातमोजे घालूनही बोटं बधिर झाली होती. शेजारचा फ्रीझर राखीव होता, रिकामा होता, म्हणूनच कित्येक वर्षांचे नमुने वाचले. आणि तो आला होता देणगीच्या पैशांतून, कारण प्रकल्पाच्या अनुदानात राखीव फ्रीझरला जागाच नव्हती.

म्हणून देणगी कशी द्यावी असं मला कुणी विचारलं, की मी आधी हेच सांगते: जमत असेल तर देणगीला अट घालू नका. 'फक्त नव्या औषधासाठी' असं लिहून दिलं, की त्यातला एक पैसाही दुसरीकडे वळवता येत नाही. रसायनं, नोंदी, चाचणीत भाग घेतलेल्या रुग्णांची वर्षानुवर्षं ठेवलेली खबरबात, हे सगळं चालू राहिलं तरच औषध तयार होतं.

पैसे नक्की कशासाठी जाणार, तेही विचारा. रुग्णांच्या उपचारांचा खर्च भागवणारा निधी वेगळा आणि संशोधनाचा वेगळा. गरज दोन्हींची आहे, पण आपण कुठे देतोय हे आपल्याला माहीत हवं. मग संस्थेचे लेखापरीक्षण झालेले हिशेब बघा. कुठल्या प्रकल्पाला पैसे द्यायचे हे बाहेरचे तज्ज्ञ ठरवतात का, तेही बघा. 'वर्षभरात रामबाण औषध आणतो' म्हणणाऱ्याला काहीही देऊ नका.

कारण इथे वेळ लागतोच. अमेरिकेत बोस्टनमध्ये डॉक्टर सिडनी फार्बर यांनी 1947 मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध द्यायला सुरुवात केली. मुलं सुधारली, पण काही महिन्यांत आजार उलटला. तिथेच सगळं संपलं असतं. पण 1948 मध्ये एका आजारी मुलासाठी रेडिओवरून आवाहन झालं, लोकांनी पैसे पाठवले आणि त्यातून फार्बर यांच्या संशोधनाला पैसे पुरवणारा जिमी फंड उभा राहिला. पुढे अनेक ठिकाणच्या डॉक्टरांनी एकाऐवजी तीन-चार औषधं एकत्र देऊन पाहिली. आज चांगले उपचार मिळाले तर त्या आजाराच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारातली दहापैकी जवळपास नऊ मुलं बरी होतात. दुसऱ्या एका रक्ताच्या कर्करोगात गुणसूत्राचा दोष 1960 मध्ये दिसला आणि त्यावर नेमकं काम करणारं इमॅटिनिब हे औषध 2001 मध्ये मंजूर झालं. मधली 41 वर्षं कुणीतरी काम चालू ठेवलं होतं.

त्यामुळे एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी दिलेली मला जास्त मोलाची वाटते. पुढच्या वर्षी किती पैसे हाताशी असतील याचा अंदाज आला, की माणसं नेमता येतात.

आणि पैशांशिवायही देता येतं. तुमचं किंवा घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर नमुना संशोधनाला देण्याचं संमतीपत्र आहे का, हे डॉक्टरांना विचारा. निदानासाठी लागणारा भाग आधी बाजूला काढतात, उरलेलाच आमच्याकडे येतो. मात्र हे ऑपरेशनच्या आधीच विचारा. गाठ एकदा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ती तपासणीसाठी टिकवून ठेवणाऱ्या रसायनात गेली, की माझ्या फ्रीझरमध्ये ठेवण्याजोगी राहत नाही.