ग्रीक देवांच्या ब्राँझमूर्ती घेताना आणि जपताना या चुका टाळा

अथेन्सच्या प्लाका भागात किंवा मोनास्तिराकीच्या बाजारात हिंडताना दर दहा पावलांवर एक झ्यूस, म्हणजे ग्रीक देवांचा राजा, भेटतो. पाय फाकवलेले, डावा हात समोर ताणलेला, उजवा काहीतरी फेकायच्या बेतात. याचा मूळ पुतळा २.०९ मीटर उंच आहे. आर्टेमिसियन भूशिराजवळच्या समुद्रातून १९२६ साली त्याचा एक हात मिळाला आणि १९२८ साली बाकीचं शरीर. आता तो अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मुठीतलं शस्त्र मात्र सापडलेलंच नाही, त्यामुळे हा झ्यूस की समुद्राचा देव पोसायडन हा वाद अजून चालतो. दुकानदार तो वाद चुटकीसरशी मिटवतात. मुठीत त्रिशूळ खोचला की झाला पोसायडन, वज्र दिलं की झ्यूस! त्रिशूळ धरला तर तो चेहऱ्यावर आडवा येतो, म्हणून अनेक अभ्यासकांचा कल झ्यूसकडे आहे. माझ्या मते मूठ रिकामी असलेली प्रत घ्यावी. मूळ पुतळ्याशी ती जास्त प्रामाणिक असते, शिवाय घरी आणेपर्यंत त्रिशूळ वाकत नाही.

पैसे बुडवणारी चूक मात्र धातूची. ‘हॅण्डमेड ब्राँझ’ अशी चिठ्ठी लावलेल्या मूर्तींत पुष्कळदा रेझिनमध्ये ब्राँझची पूड मिसळलेली असते. त्याला कोल्ड-कास्ट म्हणतात. दिसायला ठीक, पण टिचकी मारली की आवाज बोदा येतो आणि हाताला धातूचा गारवा लागत नाही. लोहचुंबकावर विसंबू नका. तो ब्राँझला चिकटत नाही हे खरं, पण जस्त, पितळ, रेझिन यांनाही चिकटत नाही. मूर्ती उलटी करून तळ बघा. मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी धातू ओतून केलेली मूर्ती सहसा आतून पोकळ असते आणि आतल्या बाजूला मेणाच्या थराचे ओघळ, कुंचल्याचे फराटे धातूत उतरलेले दिसू शकतात. दुकानदाराला विचारून तळाशी नखाएवढी जागा खरवडून बघता आली तर सोन्याहून पिवळं. तांबूस-सोनेरी दिसलं तर ब्राँझ, म्हणजे आपल्या कांशाच्याच जातीचा मिश्रधातू, ज्यात साधारण नऊ भाग तांबं आणि एक भाग कथील. पिवळंधमक दिसलं तर पितळ, चंदेरी-राखाडी दिसलं तर जस्त. नुसत्या वजनावरून पितळ आणि ब्राँझ वेगळं ओळखता येत नाही, दोघांची घनता जवळजवळ सारखीच.

हिरवा रंग म्हणजे अस्सलपणाची खूण, ही समजूतही सोडा. ग्रीकांनी हे पुतळे उभे केले तेव्हा ते उन्हात रापलेल्या अंगासारखे सोनेरी-तपकिरी होते. इटलीत रियाचेजवळ १९७२ साली समुद्रातून निघालेल्या दोन ब्राँझ योद्ध्यांचे ओठ तांब्याचे आहेत, एकाचे दात चांदीचे. हिरवेपणा आला तो माती आणि समुद्रामुळे. प्रतींवर तो रसायनं आणि उष्णता देऊन चढवतात.

आणखी एक गंमत. ब्राँझच्या अपोलोशेजारी झाडाचा बुंधा दिसला तर ती प्रत बहुधा संगमरवरी रोमन प्रतीवरून केलेली असते. दगडाला भार पेलायला आधार लागतो, ब्राँझला तो लागत नाही. म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला आणि टाऊन हॉल संग्रहालयात असलेला छोटा ब्राँझचा पोसायडन हीसुद्धा जुन्या ग्रीक घडणीवरून रोमन काळात केलेली प्रतच मानतात.

आता घरी आल्यावरचं. आमच्या आईने दिवाळीच्या साफसफाईत देवघरातल्या पितळी उपकरण्यांबरोबर माझी अथीना देवीची ब्राँझमूर्तीही चिंच आणि मिठाने घासली. “किती काळी पडली होती रे, बघ आता,” असं म्हणून तिने ती माझ्यासमोर ठेवली. शिरस्त्राण लखलखत होतं, घड्यांमध्ये मात्र काळं तसंच. तो काळा-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हता, ओतारीने मुद्दाम चढवलेला रंग होता. तो घरी परत आणता येत नाही, ओतकाम करणाऱ्याकडेच जावं लागतं. लिंबू, चिंच, राख, भांड्यांची पावडर यातलं काहीच लावू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकावी आणि वर्षातून एकदा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (धातूच्या मूर्ती जपायला वापरतात ते पेट्रोलियमपासूनचं मेण) अगदी पातळ हात द्यावा. खाचांत पांढरं साठलेलं दिसलं तर ते बहुतेक वेळा जादा मेणच असतं; मूर्ती जरा कोमट करून कापडाने टिपलं की निघतं.

आईच्या त्या प्रयोगानंतर दोन पावसाळ्यांनी ढालीच्या कडेला फिकट हिरवे ठिपके उठले. हे जास्त गंभीर. मिठातलं क्लोराइड धातूत शिरलं की दमट हवेत तांब्याची क्षारं बनतात, सोबत आम्ल सुटतं, ते पुन्हा धातू खातं आणि चक्र चालू राहतं. मुद्दाम चढवलेला हिरवा रंग बोटाला लागत नाही, याची मात्र भुकटी होते. ठिपके कोरड्या ब्रशने झाडा, मूर्तीखाली पांढरा कागद ठेवा आणि आठवडाभर थांबा. नवी भुकटी पडली तर रोग चालू आहे असं समजा. डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन पूर्ण वाळवा, मगच मेण. ओलावा आत कोंडून वरून मेण लावणं ही सगळ्यात वाईट युक्ती. कोकणपट्टीत किंवा मुंबईत समुद्राच्या बाजूच्या खिडकीत मूर्ती ठेवूच नका. तरी थांबलं नाही तर धातूच्या संवर्धकाला दाखवा.

प्रवासाचं थोडक्यात: ग्रीसमधून अस्सल पुरातन वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेणं गुन्हा आहे. म्हणून पावतीवर ‘प्रत’ असा स्पष्ट उल्लेख करून घ्या आणि ती पावती हातातल्या बॅगेत ठेवा. भाला-त्रिशूळवाला देव मात्र चेक-इनच्या सामानात. आणि उचलताना भाल्याला किंवा ताणलेल्या हाताला धरू नका. हे भाग पुष्कळदा वेगळे ओतून जोडलेले असतात आणि मूर्ती सुटते ती तिथूनच. एक हात बैठकीखाली, दुसरा कमरेला.