आइसक्रीम वेल दारात लावण्याआधी

गेल्या आठवड्यात पुतणीचा फोन आला. "काकू, गेटवर चढवायला गुलाबी फुलांची वेल घेतेय. नर्सरीवाला म्हणतोय, खत नको, पाणी नको, नुसती सोडायची." म्हटलं, थांब, ही हाताबाहेर पसरणारी आइसक्रीम वेल तर नाही ना? आधी पानाचा आणि फुलांच्या घोसाच्या टोकाचा फोटो पाठव.

टोकच बघायचं. आइसक्रीम वेलीचा घोस जिथं संपतो तिथूनच स्प्रिंगसारखे तणावे फुटतात आणि मिळेल त्याला धरतात. पान बदामी, कडा लाटेसारख्या, शिरा वरून खोल रुतलेल्या. मधुमालतीशी गल्लत होते, पण मधुमालतीची पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि फुलाला लांब नळी असते. हिचं फूल बोटांत धरा, कागदासारखं लागतं. सुकलं तरी आतलं तिकोनी तपकिरी बी लपेटून बसतं. पांढऱ्या फुलांचीही हीच वेल असते. शास्त्रीय नाव अँटिगोनॉन लेप्टोपस, मूळची मेक्सिकोची.

मधमाश्या तिच्यावर तुटून पडतात. त्याच मोहानं मीही लावली होती. आमचं घर कोल्हापुरात, जयंती नाल्याच्या काठाला. छाटलेल्या फांद्या बियांसकट कुंपणापलीकडे टाकायची मी. हे बी पाण्यावर तरंगतं. 2019 चा महापूर ओसरला, चिखल वाळला, आणि काही महिन्यांत खालच्या अंगाच्या करंजावर तीच बदामी पानं दिसली. ती माझ्याच बियांची, असं छातीठोक सांगता येणार नाही, पण टाकत होते ते खरं. नाला पुढं पंचगंगेला मिळतो, म्हणजे बी नदीपर्यंत जाणार, म्हणून फार लागलं मनाला.

काढायला गेले तेव्हा खरी वेल कळली. वरून कापली की पुन्हा फुटायची, कारण जमिनीत रताळ्यासारखे कंद. कुदळीनं तुटून राहिलेला तुकडाही फुटतो. म्हणून आदल्या दिवशी पाणी सोडून माती मऊ करा आणि हातानं चाचपत कंद अख्खे काढा. पत्र्यावर कडक उन्हात वाळवा. खतात किंवा नाल्यात टाकू नका. त्यानंतरही पावसाळ्यात लक्ष ठेवायचं, कोंब दिसला की उपटायचा. काढवतच नसेल तर निदान कुंडीत ठेवा आणि बी धरण्याआधी घोस कापा.

नर्सरीत शास्त्रीय नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर फोटो काढा, वनस्पतीशास्त्र शिकलेल्या कुणाला दाखवा, मगच पैसे द्या.

पुतणीला मी कुसर सुचवली. आपल्या सह्याद्रीतली रानजातीची जाईच ती. उन्हाळ्यात पांढरी, सुवासिक फुलं. मात्र दाजीपूरच्या बाजूनं जंगलातून उपटून आणलेलं रोप नको. पिशवीची कड थोडी सोलून बघा. पिशवीत वाढलेल्या रोपाची बारीक मुळं मातीला गच्च धरून कडेपर्यंत आलेली असतात. उपटून आणलेल्याचं एखादं जाड मूळ तुटलेलं दिसतं आणि माती हाताला सुटी लागते.

पुतणीचा फोटो आला. टोकाला तणावे होतेच. तिनं नर्सरीवाल्याला कुसरचं विचारलं. फांदीपासून रोप करून पावसाळ्यात देतो म्हणाला. तोवर गेट मोकळंच राहू दे, म्हटलं.