ब्रिटनमध्ये स्थिरावताना: महागडं सिम सोडून स्वस्त नेटवर्कवर जायचं कसं

आल्या आल्या घाईत जे सिम हाती पडलं, तेच वर्षानुवर्षं चालवणारी आपली माणसं मी इथे ढिगाने पाहिली आहेत. महिन्याला वीस-पंचवीस पौंड जातात आणि फोन मात्र दिवसभर घरच्या नाहीतर ऑफिसच्या वायफायवर. विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात: नंबर बदलेल, बँकेत कळवत बसावं लागेल, मध्येच फोन बंद पडेल. नंबर तोच राहतो, त्यामुळे कोणाला काही कळवावं लागत नाही, आणि फोन बंद राहिला तर फार तर काही तास. इथल्या कागदपत्रांच्या कामांत इतकं सोपं काम दुसरं सापडणार नाही. पथ्य एकच: जुनं कनेक्शन आपण होऊन बंद करायचं नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी टॉवरचं समजून घ्या. या देशात टॉवर चालवणारी नावं चारच: ईई, ओटू, व्होडाफोन आणि थ्री. त्यातल्या व्होडाफोन आणि थ्री २०२५ च्या मे महिन्यात एक झाल्या, पण सिम वेगवेगळ्या नावांनीच विकतात. बाकी ज्या स्वस्त कंपन्यांच्या जाहिराती दिसतात, त्या या चौघांच्या घरातल्या भाडेकरू. गिफगाफ आणि टेस्को मोबाइल ओटूवर चालतात, लेबारा आणि वॉक्सी व्होडाफोनवर, स्मार्टी आणि आयडी मोबाइल थ्रीवर, लायका आणि स्पूसू ईईवर. गिफगाफची मालकी तर ओटूचीच आणि स्मार्टीची थ्रीची. तेव्हा पैसे कमी दिले म्हणून टॉवर वेगळा मिळत नाही. फरक पडतो तो इतर गोष्टींत: तक्रार करायला दुकान नसतं, बरंचसं चॅटवर निभवावं लागतं, काहींकडे गर्दीच्या वेळी वेग पडतो, काहींकडे वायफाय कॉलिंग नसतं.

म्हणून ‘कुठली कंपनी चांगली?’ हा प्रश्न ग्रुपवर टाकून उपयोग नाही. तिकडे क्रॉयडनमध्ये राहणारा सांगणार एक आणि लीड्समधला दुसरं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. प्रश्न असा हवा की माझ्या घरात कोणाचा टॉवर पोचतो. इथल्या जुन्या विटांच्या घरांच्या भिंती जाड असतात. रस्त्यावर चार काड्या दिसतात आणि स्वयंपाकघरात गेलं की एक. ऑफकॉम या नियामक संस्थेच्या साइटवर पोस्टकोड टाकून चारही नेटवर्कचं कव्हरेज पाहता येतं, पण त्यावर थांबू नका. बऱ्याच स्वस्त कंपन्या सिम फुकट घरपोच पाठवतात. भारतातून आणलेला फोन बहुधा दोन सिमचा असतोच. दुसऱ्या खाचेत ते सिम घाला, एक महिन्याचा सगळ्यात छोटा प्लॅन घ्या आणि जिथे तुमचा दिवस जातो तिथे वापरून बघा: मागची खोली, ऑफिसची लिफ्ट, संध्याकाळी सहाची ट्रेन. त्यानंतरच नंबर हलवायचा विचार करा.

भारतातून आणलेल्या फोनची आणखी एक गोष्ट इथे फारसं कोणी सांगत नाही. ब्रिटनमधलं थ्रीजी बंद करण्याचं काम २०२४-२५ मध्ये झालं. आता साधा फोन कॉलसुद्धा फोरजीवरून, म्हणजे व्होल्टीवरून जातो. ती सोय तुमच्या फोनच्या मॉडेलला त्या नेटवर्कवर चालू नसेल तर कॉल टूजीवर उतरतो. आता थ्रीकडे टूजी पहिल्यापासूनच नाही. त्यामुळे थ्रीच्या टॉवरवरच्या कंपनीत गेलात आणि फोन जुळला नाही, तर व्हॉट्सॲप धो धो चालेल पण साधा कॉल लागणारच नाही. दवाखान्यातून फोन येतो तो साधा कॉल असतो, घरमालकाच्या एजंटचाही. म्हणून दुसऱ्या खाचेतल्या त्या सिमवरून वायफाय बंद करून एक साधा कॉल करा आणि एक घ्या. कॉल चालू असताना वर कोपऱ्यात फोरजी, फाइव्हजी किंवा व्होल्टीची खूण टिकली तर काळजी नाही.

प्लॅन निवडताना तीस दिवसांचाच घ्या. नव्याने आलेल्याची इथे क्रेडिट हिस्टरी, म्हणजे उधारी-बिलं वेळेवर फेडल्याची नोंद, नसते, त्यामुळे हँडसेटसकट चोवीस महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मागितलं तर नकार येण्याचीच शक्यता जास्त, आणि मिळालं तरी ते महागात पडतं. प्रीपेड धर्तीच्या सिमला क्रेडिट चेक लागत नाही. (क्रेडिटचा विषय निघालाच आहे तर: भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणारा भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालू शकतो, आणि त्या नोंदीचा क्रेडिटला उपयोग होतो. हे काम पहिल्याच महिन्यात उरकून टाका.) डेटा किती लागतो ते अंदाजाने ठरवू नका, फोनच्या सेटिंगमध्ये मागच्या महिन्याचा आकडा असतो तो बघा. अनलिमिटेडवाल्या निम्म्या लोकांचा वापर बघितला तर हसू येईल. दहा पौंडांच्या आत भागणारी माणसं भरपूर आहेत. ‘पहिले सहा महिने निम्म्या किमतीत’ अशी पाटी दिसली तर सातव्या महिन्याची किंमत आधी वाचा. लांबच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मधेच दर वाढतो. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ती वाढ महागाईच्या टक्क्यांत न सांगता पौंड-पेन्समध्ये आधीच सांगावी लागते, तेव्हा सही करण्यापूर्वी तो आकडा शोधा.

आता प्रत्यक्ष बदल. जुन्या सिमवरून पी-ए-सी ही तीन इंग्रजी अक्षरं ६५०७५ या नंबरवर एसएमएस करा. १ जुलै २०१९ पासून ही सोय सगळ्या कंपन्यांना द्यावीच लागते आणि त्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. मिनिटभरात उत्तर येतं. त्यात नंबर नव्या कंपनीत नेण्यासाठीचा तीन अक्षरं आणि सहा आकड्यांचा कोड असतो, तो तीस दिवस चालतो. कॉन्ट्रॅक्ट मधेच तोडल्याचा दंड पडणार असेल किंवा प्रीपेडची शिल्लक बुडणार असेल तर तेही त्यातच लिहिलेलं असतं. दंडाचा आकडा दिसला तर कोड तसाच राहू द्या आणि कॉन्ट्रॅक्टची मुदत संपल्यावर नवा मागवा. कोड मागितला म्हणून कनेक्शन तुटत नाही. तो नव्या कंपनीला दिला की पुढच्या कामकाजाच्या दिवशी नंबर तिकडे जातो आणि जुनं खातं त्याच क्षणी आपोआप बंद होतं.

पथ्य आहे ते इथेच. लोक उत्साहाने आधी जुन्या कंपनीला फोन लावून कनेक्शन बंद करायला सांगतात, आणि बंद झालेल्या कनेक्शनचा कोड मिळवणं अवघड होऊन बसतं. मग नंबरच जाण्याची भीती. तो नंबर तोपर्यंत बँकेत, दवाखान्यात, नोकरीच्या कागदावर आणि मुख्य म्हणजे ई-व्हिसाच्या खात्यात बसलेला असतो. लॉगिनचा कोड एसएमएसने मागवला तर तो त्याच नंबरवर येतो. निवास परवान्याचं प्लास्टिकचं बीआरपी कार्ड गेल्यापासून आपला व्हिसा म्हणजे ते खातंच, तेव्हा नंबर जपा.

शुक्रवारी दुपारी कोड देऊ नका, काम सोमवारवर जातं. प्रवासाच्या किंवा घराचं डिपॉझिट भरायच्या दिवशीही नको. जुन्या सिमवर ‘नो सर्व्हिस’ आलं की नवीन सिम घालून फोन एकदा बंद-चालू करा. नव्या सिमबरोबर आलेला तात्पुरता नंबर कोणाला देऊ नका, तो आता संपला. व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का विचारलं तर नाही म्हणा.

कोड मागितला की बहुतेक वेळा जुन्या कंपनीचा फोन येतो आणि इतके दिवस कुठे लपली होती कोण जाणे, अशी ऑफर पुढे येते. ऐकून घ्यायला हरकत नाही. तीस दिवसांच्या प्लॅनवर देत असतील आणि ईमेलवर लिहून पाठवत असतील तर खुशाल थांबा, चोवीस महिने म्हणाले तर आभार मानून फोन ठेवा. डायरेक्ट डेबिट (खात्यातून बिल आपोआप कापून घेण्याची परवानगी) मात्र शेवटचं बिल वळतं होईपर्यंत बँकेतून काढू नका. सात पौंडांचं बिल थकलं तरी त्याचा डाग क्रेडिटवर पडतो, आणि आपलं क्रेडिट आधीच कोवळं.

भारतात साधे फोन करायचे असतील तर लेबारा किंवा लायकाचे प्लॅन बघा, त्यांत भारतातल्या नंबरांसाठी मिनिटं धरलेली असतात. आईवडील व्हॉट्सॲपवर बोलतील, पण भारतातल्या बँकेला बरेचदा साधाच फोन लावावा लागतो. तिचा १८०० वाला नंबर इथून सहसा लागत नाही, दुसऱ्या साध्या नंबरवर तासभर गाणं ऐकत बसावं लागतं. तेव्हा ही मिनिटं कामी येतात.

भारतातल्या सिमचं गणित वेगळं. तिथे कंपनी बदलायची तर १९०० वर एसएमएस करण्यापासून नव्या सिमच्या केवायसीपर्यंत सगळं तिथे असतानाच उरकावं लागतं, म्हणून स्वस्त प्लॅनच्या कंपनीत जायचं ते निघण्यापूर्वी. इथे आल्यावर ते सिम दुसऱ्या खाचेत ठेवा, रोमिंग चालू करून घ्या पण डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि किमान रिचार्ज चुकवू नका. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर नंबर जाऊ शकतो. ओटीपीचा एसएमएस सहसा फुकट येतो, पण त्या सिमवर आलेला कॉल उचललात तर भुर्दंड. ब्रिटनसह काही देशांतल्या नंबरांवर एनआरई-एनआरओ (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्याचं यूपीआय सुरू करायला २०२३ मध्ये परवानगी मिळाली आहे. तुमची बँक ते देत असेल तर या सिमवरचा भार बराच हलका होतो.