सोन-कुलला जाताय? या चुका टाळा

किर्गिझस्तानच्या सहलीत सगळ्यात महागात पडते ती तारखेची चूक, आणि ती विमानाचं तिकीट काढतानाच होते. आपल्याकडे लांबच्या सहली निघतात मे महिन्यात, नाहीतर दिवाळीत. सोन-कुलसाठी दोन्ही वेळा कुचकामी. ३,०१६ मीटर उंचीवरचं हे तळं हिवाळाभर गोठलेलं असतं. मेमध्ये घाटात बर्फ असू शकतो, आणि मेंढपाळ कुटुंबं अजून वर आलेली नसतात. ती साधारण जूनमध्ये घोडे-मेंढ्या घेऊन कुरणांवर येतात, युर्त म्हणजे नमद्याचे गोल तंबू ठोकतात आणि सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास आवरून खाली उतरतात. युर्त उठले की मुक्कामाची सोयही उठली. तेव्हा जुलै किंवा ऑगस्ट. मुलांच्या शाळेचं काय, ते तुमचं तुम्ही बघा!

दुसरी चूक घाईची. राजधानी बिश्केक साधारण ८०० मीटरवर आहे. तिथून सकाळी गाडीत बसून संध्याकाळी तळ्यावर पोचलात, तर एका दिवसात दोन हजार मीटरहून जास्त चढलात. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. तळं तिच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही, आणि दोष मात्र जेवणाला दिला जातो. वाटेत कोचकोरला एक रात्र काढा. हे गाव सुमारे १,८०० मीटरवर आहे; एटीएम, बाजार, युर्तचं बुकिंग करून देणारं ग्रामीण पर्यटनाचं कार्यालय, सगळं इथेच. रोख सोम, म्हणजे तिथलं चलन, इथेच काढून घ्या, वर कार्ड चालेल या भरवशावर राहू नका. वर गेल्यावर त्रास वाढतच गेला, तर गोळी घेऊन पडून राहण्यापेक्षा खाली उतरणं शहाणपणाचं.

‘जुलै आहे, एक स्वेटर पुरेल’ हा आणखी एक गोड गैरसमज. दुपारी ऊन चटका देतं, रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. युर्तमध्ये शेगडी असते, तिच्यात बहुतेक वेळा गोवऱ्याच जळतात. ती मध्यरात्री विझते. मग उठून पेटवायची कुणी, यावरून घराघरांत भांडणं होत असावीत. लोकरीची टोपी, जाड मोजे आणि बॅटरी जवळ ठेवा, कारण संडास बाहेर, अंधारात आणि चांगलाच लांब असतो. शेगडी पेटलेली असताना छताची झडप गच्च बंद करू नका.

शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको’ एवढंच सांगून थांबू नये. तुकडे बाजूला काढून तोच रस्सा समोर येऊ शकतो. रस्साही नको, हे बुकिंग करतानाच सांगा. पाव, साय, जॅम, अंडी, चहा यांवर दोन दिवस सहज निघतात. सोबत लोणचं असेल तर मजेतही निघतात. किमीझ, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, आग्रहाने पुढे येईल. आधी दोन घोट घ्या. सवय नसलेल्या पोटात अख्खा वाडगा गेला तर रात्रीची बॅटरी भरपूर वापरावी लागेल.

किझार्त गावातून घोड्यावरून खिंड ओलांडून तळ्यावर जाता येतं, आणि माझ्या मते जायचा खरा रस्ता तोच. पण माथेरानचा अनुभव इथे धरू नका. तासन्‌तास खोगिरात बसावं लागतं. आधी अर्धा दिवस बसून बघा. प्रवासविम्यात घोडेस्वारी येते का, तेही वाचून घ्या.

राहता राहिली कागदपत्रं. भारतीयांना कझाकस्तानात १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, म्हणून बरेच जण अल्माटीला उतरून रस्त्याने बिश्केकला येतात. किर्गिझ व्हिसा मात्र लागतो. तो एकेरी प्रवेशाचा असेल, तर मध्येच अल्माटीला जाऊन परत येता येणार नाही. आणि याच सहलीत चीनच्या सीमेलगतचं कोल-सू तळंही करायचं असेल, तर सीमाक्षेत्राचा वेगळा परवाना लागतो. तो ऐनवेळी मिळत नाही. घरून निघण्यापूर्वीच स्थानिक एजंटाकडे अर्ज द्या.